पाचशे रुपयांत आईसाठी घरच्या आठवणींची वही करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर आईला साठ पूर्ण होतात, तिच्यासाठी घरच्या आठवणींचं स्क्रॅपबुक करायचंय, ऑनलाइन किट दीड-दोन हजारांच्या खाली नाही आणि तुमच्याकडे 500 रुपयेच आहेत. करता येईल, आणि चांगलं होईल. मी मागच्या वर्षी माझ्या आईसाठी केलं. 375 रुपये लागले.

किट घेऊच नका. त्यात स्टिकर, रिबिनी, चकाकते कागद असतात, तुमच्या आईचं त्यात काहीच नसतं. शाळेत आपण चिकटवही करायचो ना, तीच करायची आहे, जरा टिकेल अशी.

आधी एक कळकळीने सांगते. मूळ फोटो वहीत चिकटवू नका. आम्ही सांगलीचे. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. लग्नाचा, बारशांचा, सगळ्यांचा मिळून एक मोठा अल्बम होता, तो चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचं असतं तसल्या प्रकारचा. फोटो आधीच त्या गोंदाने पिवळे पडून पानाला घट्ट बसले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही तो अल्बम तसाच उन्हात वाळत टाकला, आणि तिथेच चुकलो. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि वाळताना समोरच्या पानाला चिकटतो. नंतर कळलं की भिजलेले फोटो वाळू न देता स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, हळूच एकेक सोडवायचा आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत पसरायचा. आमचे दोनशेच्या आसपास फोटो होते, सतरा वाचले.

म्हणून वहीत नकला लावा आणि मूळ फोटो कागदाच्या पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवा. नकला स्वस्तात होतात. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी काळ्या कापडावर फोटो सपाट ठेवायचा, मोबाइल बरोबर वर धरायचा आणि फ्लॅश बंद. रंगीत फोटो लॅबमधून काढून घ्या. मी 12 काढले, 120 रुपये झाले. जुने काळे-पांढरे मात्र झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर लेझर प्रिंटरने काढून घ्या. 40 प्रतींचे 80 रुपये झाले. ती शाई उष्णतेने कागदावर वितळून बसते, पाण्याचा थेंब पडला तरी फुटत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची बहुतेक शाई ओलाव्याने पसरते.

वहीला पांढरी कार्डशीट घ्या, ए-फोर मापाची. मी 25 घेतली, 125 रुपयांची. रंगीत नको, काही रंग ओल लागली की उतरतात. पाठीला आणि पुढे लावायला 30 रुपयांचा पुठ्ठा. माझं घरी शिवणकाम आहे, म्हणून दाभण आणि गोधडीचा दोरा हाताशी होता. तुमच्याकडे नसेल तर बाइंडिंगवाल्याकडून भोकं पाडून घ्या आणि कुठलाही जाड सुती दोरा ओवा. स्टेपलरच्या पिना मात्र नकोत. दोन पावसाळ्यांत त्या गंजतात आणि तांबडे डाग सोडतात. शिवताना दर दोन पानांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूला, त्याच कागदाची अर्ध्या इंचाची पट्टी घाला. हे विसरलात तर फोटो लावल्यावर वहीचं पोट फुगतं आणि ती मिटतच नाही.

फोटोला गोंद लावायचाच नाही. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे असायचे, तसे घरीच होतात. इंचभर रुंद, दोन इंच लांब कागदाची पट्टी घ्या, तिची दोन्ही टोकं मध्यापासून खाली दुमडा, विमानाचं नाक करतो तशी. जो त्रिकोण होतो त्याचा खिसा फोटोच्या कोपऱ्यावर बसवा आणि त्रिकोणाची मागची बाजू तेवढी पानाला चिकटवा. चार कोपऱ्यांना चार. फोटो कधीही काढता येतो, मागचं वाचता येतं. सेलोटेप कुठेच वापरू नका. तो काही वर्षांत सुटतो, पण पिवळा चिकट डाग मागे ठेवून जातो.

पुठ्ठ्यावर कापड चढवायला मैद्याची खळ. दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन जरा काचेसारखी दिसू लागली की उतरवायची आणि गाळून घ्यायची. पातळ हात फिरवा. जाड लावली तर पुठ्ठा वाकतो. मग रात्रभर वजनाखाली. बाइंडिंगवाले खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, पण तो विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका. मी आजीच्या विरलेल्या लुगड्याचा काठ वापरला. आईने वही हातात घेतली तेव्हा उघडायच्या आधी कितीतरी वेळ ती त्या काठावरून अंगठा फिरवत होती.

आता आत काय लावायचं. फोटो कमी असले तरी घाबरू नका. लग्नपत्रिका, मनीऑर्डरची पावती, आंतर्देशीय पत्र, प्रगतिपुस्तक, बाळाच्या हाताला बांधलेली दवाखान्याची पट्टी, सगळं चालतं. एसटीचं हल्लीचं मशीनमधलं तिकीट उष्णतेने छापलेलं असतं, बघता बघता कोरं होतं, आणि लॅमिनेट करायला दिलं तर सगळंच काळं पडतं. त्याची आधी झेरॉक्स काढा. वर्तमानपत्राचं कात्रणही पिवळं पडून शेजारचा कागद खराब करतं, त्याचीही झेरॉक्सच. अक्षता, वाळलेली फुलं, हळदकुंकवाची पुडी हे भावनेने लावावंसं वाटतं, पण झुरळं आणि कसर त्यासाठीच येतात.

आमच्या वहीतलं सगळ्यांना आवडलेलं पान फोटोचं नाहीच. माळ्यावर जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी सापडली. आई दर महिन्याच्या पानावर हिशेब लिहायची. त्यातलं जून 1994 चं पान मी लावलं. रोजच्या चौकटीत दुधाचा आकडा. 3 तारखेला ‘गॅस लावला’. मग सलग चार दिवस ‘खाडा’, कारण आम्ही सगळे मावशीकडे गेलो होतो. 13 ला ‘शाळा. दप्तर नवे नाही, शिवून दिले’. ते दप्तर मला आठवतं, खाकी कापडाचं, आत जुन्या उशीच्या अभ्र्याचं अस्तर. माझा त्या दप्तराबरोबर एकही फोटो नाही, पण त्या पाच शब्दांत ते आहे. तुमच्या घरीही माळ्यावर, गादीखाली, देवघराच्या कपाटात बघा. बायकांनी लिहिलेलं असं पुष्कळ सापडतं.

आणि प्रत्येक गोष्टीखाली लिहा. पैसे वाचतील ते वाचू देत, पण इथे वेळ वाचवू नका. ‘कोण, कुठे, कधी’ एवढ्यावर थांबू नका. फोटो कोणी काढला? त्या दिवशी जेवायला काय होतं? अंगावरचं कापड कुठून आलं? हे विचारा. मी मोठ्या मावशीला तिच्या साखरपुड्याचा फोटो दाखवला. दहा मिनिटं ती नुसती नावं सांगत होती. साडी कोणती म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘अगं, ती माझी नव्हती. शेजारच्या काकूंची मागून आणलेली. हळद सांडेल या भीतीने मी दिवसभर नीट बसलेच नाही.’’ फोटोत ती ताठ उभी आहे आणि इतकी वर्षं आम्ही म्हणायचो की मावशी किती रुबाबदार! तिचं बोलणं मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि फोटोखाली तिच्याच शब्दांत उतरवलं. तुम्हीही तसंच करा, आपली साहित्यिक भाषा मध्ये आणू नका. ज्यांना आठवतं ती माणसं थकत चालली आहेत, म्हणून वहीचं सामान आणायच्या आधी त्यांना फोन करा.

लिहायला पेन्सिल घ्या. शाई फुटते, पेन्सिल ओलीतही राहते. मूळ फोटोच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, हात हलका ठेवून, कडेला. जुन्या स्टुडिओच्या फोटोमागे रबरी शिक्का असतो, त्यावरून निदान गाव तरी कळतं. हल्लीच्या गुळगुळीत फोटोमागे पेन्सिल उमटत नाही, त्याला चिठ्ठी जोडा.

वही झाली की सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली तर आत दमट होऊन बुरशी येते. पावसाळा संपला की एक दिवस सावलीत पानं उघडून ठेवायची.

शेवटची चार-पाच पानं मोकळी सोडा आणि आईला पेन्सिलही द्या. माझ्या आईने पहिल्याच संध्याकाळी ती मागून घेतली. तिचं माहेर आटपाडी तालुक्यातलं. मामाकडे असल्यामुळे पुरातून वाचलेला एक फोटो आहे. मुंबईत गिरणीत कामाला असलेल्या चुलत्याने गावी आल्यावर काढलेला. घरचे सगळे विहिरीच्या कडेला उभे आहेत आणि कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नाही. मी खाली ‘अंदाजे 1970’ असं लिहिलं होतं. आईने ते खोडून 1972 केलं आणि पुढे लिहिलं, ‘दुष्काळ. विहिरीचा तळ प्रथमच दिसला म्हणून सगळे आत बघत होते. आई खडी फोडायला गेली होती, म्हणून ती यात नाही.’