मुलाच्या मूत्रपिंडाच्या काळजीपोटी बचत अडकवावी का?

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याचा जन्म २९व्या आठवड्यात झाला आणि नवजात अतिदक्षता विभागात असताना त्याच्या मूत्रपिंडांचे काम काही दिवस मंदावले होते. आता तो हसतो-खेळतो. परंतु गेल्या तपासणीत रक्तदाब वरच्या मर्यादेजवळ आला, लघवीत किंचित प्रथिने आढळली आणि डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी यायला सांगितले. आमची एकूण बचत दीड वर्षाच्या घरखर्चाइतकी आहे. तिच्यातील दोन तृतीयांश रक्कम एकरकमी हप्त्याच्या बालविमा योजनेत घालावी, असे एका परिचित विमा प्रतिनिधींनी सुचवले आहे. ती रक्कम मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावरच हाती येईल. शिवाय मुलाकडे लक्ष देता यावे म्हणून पत्नी नोकरी सोडण्याच्या विचारात आहे. मुलाचा आरोग्यविमा तिच्या कार्यालयाच्या गट विम्यातून आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : दोन्ही निर्णय एकाच भीतीतून आलेले दिसतात, आणि माझ्या मते दोन्ही आज घेऊ नयेत. मात्र भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ती किती मोठी आणि केव्हाची आहे, हे पाहिल्यावाचून पैशाचा हिशेब मांडता येत नाही, म्हणून आधी तेवढे पाहू.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककांना नेफ्रॉन म्हणतात. त्यांतील निम्म्याहून अधिक गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत ही निर्मिती संपते. फार लवकर जन्मलेल्या बाळात ती जन्मानंतर काही आठवडे चालू राहते, पण बरेचदा अपुरीच राहते. त्यात प्रतिजैविके आणि इतर आवश्यक औषधे, कमी रक्तदाब, प्राणवायूची कमतरता यांचा ताण पडतो. पुढे नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. जे आहेत त्यांच्यावर अधिक काम पडते, आणि हा भार वर्षानुवर्षे राहिल्यास रक्तदाब वाढणे व लघवीतून प्रथिने जाणे असा परिणाम दिसू शकतो. मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी हा विचार १९८८ मध्ये मांडला होता.

आता आकडे. स्वीडनमध्ये १९७३ ते २०१४ या काळातील सुमारे ४२ लाख जन्मांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्यांत दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा धोका पूर्ण दिवसांनी जन्मलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट, तर २८ आठवड्यांआधी जन्मलेल्यांत सुमारे तिप्पट आढळला. ‘दुप्पट’ वाचून छातीत धडधडते, हे मी जाणतो. परंतु त्याच अभ्यासात, बालपणापासून मध्यमवयापर्यंतच्या काळात, सर्व मिळून हजारात साधारण एकालाच असा विकार नोंदला गेला होता. आपल्या मुलाची जोखीम या सरासरीहून निश्चितच अधिक आहे, कारण मूत्रपिंडांना आधीच एकदा इजा झाली आहे आणि लघवीत प्रथिनेही दिसली आहेत. तरीही डायलिसिस समोर उभे आहे असे समजून सारी बचत बाजूला काढावी, असे या माहितीतून निघत नाही. निघते ते एवढेच, की पुढची अनेक वर्षे लहानसा पण न चुकणारा खर्च आहे.

तो खर्च कशाचा? रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी (मूत्रपिंडे शरीराबाहेर टाकतात त्या एका टाकाऊ पदार्थाशी) प्रमाण, अधूनमधून रक्तातील क्रिएटिनिन, डॉक्टरांना वाटल्यास सोनोग्राफी. यातील रक्तदाबाची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलगर्जीपणे केली जाणारी आहे. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तर आकडा खोटा वाढलेला येतो, आणि रडणाऱ्या मुलाचाही तसाच येतो. मुलाला पाच मिनिटे शांत बसवून, योग्य मापाचा पट्टा मागून, तीनदा मोजायला सांगण्यास संकोच करू नये. मुलांचा रक्तदाब वय, लिंग आणि उंचीनुसार पाहिला जातो, म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाबासोबत उंचीही एका वहीत लिहून ठेवावी. तापावरचे आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये आणि जुलाब-उलट्यांत शरीरातील पाणी कमी होऊ देऊ नये. या दोन सवयींना काहीच पैसे पडत नाहीत.

अशा गरजेला चौदा वर्षे हात न लावता येणारी योजना कामाची नाही. पैसा लागलाच तर तो मधल्या वर्षांतच लागेल, आणि मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास अशा योजना सहसा मोठी कपात करतात. दुसरी गोष्ट म्हणजे, आयुर्विमा कमावत्या माणसाचा असावा. घरातील उत्पन्न आपण दोघे आणता, म्हणून साधा मुदत विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाल्यासच कुटुंबाला रक्कम देणारा) आपल्या दोघांच्या जीवावर घ्यावा. तो प्रस्तावित एकरकमी हप्त्याच्या अंशमात्र खर्चात होतो.

बचतीची विभागणी मी अशी करीन. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम नेहमीचा आपत्कालीन निधी म्हणून आणि आणखी तीन महिन्यांची मुलाच्या आरोग्यासाठी राखीव म्हणून, दोन्ही केव्हाही काढता येतील अशा ठिकाणी ठेवावी. उरलेली नऊ महिन्यांची रक्कम शिक्षण आणि निवृत्ती यांसाठी जिथे आहे तिथेच राहू द्यावी. निवृत्तीची बचत थांबवून मुलाचा निधी वाढवण्याचा मोह होईल, तो टाळावा. कधी काळी गरज पडलीच, तर मुलाला आधार देणारे आईवडील धडधाकट आणि आर्थिकदृष्ट्या उभे असले पाहिजेत. मूत्रपिंड प्रत्यारोपणात दाते बहुधा पालक असतात आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांनाही काही आठवडे कामावर जाता येत नाही, हेही हिशेबात धरावे लागते.

नोकरीचा प्रश्न मला योजनेपेक्षा गंभीर वाटतो. पत्नीने राजीनामा दिला तर पगारासोबत मुलाचे विमा संरक्षणही जाईल. नोंदलेला पूर्वविकार असलेल्या मुलाला नवी वैयक्तिक पॉलिसी मिळवताना प्रतीक्षा काळ, जादा हप्ता किंवा मूत्रपिंडाशी संबंधित खर्च वगळणे, यांपैकी काही तरी पुढे येण्याची शक्यता मोठी आहे. सहा महिन्यांतून एका भेटीसाठी एवढी किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही. रजा, बदललेली वेळ किंवा अर्धवेळ काम यांची चाचपणी आधी करावी, आणि अर्धवेळ कामात गट विमा टिकतो का, हे लेखी विचारावे. दमलेल्या आईला विश्रांती हवी असेल तर ते वेगळे आणि रास्त कारण आहे. मग पत्नीचा गट विमा चालू असतानाच आपण स्वतःच्या कार्यालयाच्या विम्यात मुलाची नोंद करून घ्यावी आणि त्यानंतरच पत्नीने राजीनामा द्यावा.

कोणताही विमा अर्ज भरताना मुदतपूर्व जन्म, अतिदक्षता विभागातील मुक्काम आणि अलीकडचे अहवाल सारे नमूद करावे. ‘हे लिहिण्याची गरज नाही’ असे कोणी म्हणाले तरी लिहावे, कारण दावा नाकारला गेला तर ते वाक्य कोणाच्याही स्मरणात राहणार नाही. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदाची प्रत त्याच वहीत ठेवावी.

ही मांडणी कायमची नाही. लघवीतील प्रथिने लागोपाठच्या तपासण्यांत वाढत गेली, रक्तदाबावर औषध सुरू झाले किंवा मूत्रपिंडांची कार्यक्षमता घटत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तर मुलाचा तीन महिन्यांचा निधी सहा महिन्यांचा करावा आणि त्यासाठी शिक्षणाच्या रकमेतून घ्यावे, निवृत्तीच्या नव्हे. तोवर प्रतिनिधींना एकच विचारावे : तिसऱ्या वर्षी पैसे परत मागितले तर नेमके किती मिळतील, हे कंपनीच्या कागदावर लिहून द्याल का?