तिसऱ्या नंबरच्या टेबलाशी एवढी गर्दी का होती?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय भूगर्भशास्त्र, गेल्या वर्षी ६८ टक्के. कॉलेजच्या प्रदर्शनात तिनं पुराचं एक मॉडेल मांडलं आणि तेव्हापासून 'संशोधन लोकांना हाताळता येईल असं करून दाखवायचं, मला हेच काम करायचंय' असा धोशा लावलाय. वडिलांनी पुण्यात राज्यसेवेच्या क्लासची फी भरली आहे. ते नाही जमलं तर बीएड. ते विचारतात, 'हिच्या डोक्यातलं हे खूळ कसं काढू?'

नमस्कार,

मार्कांची काळजी करण्यासारखं तुमच्या पत्रात मला काही सापडलं नाही. मी अडकले ती एका वाक्यापाशी. 'फी भरून झाली आहे, आता तिला सांगायचं तेवढं बाकी आहे.' अहो, एकवीस वर्षांच्या मुलीची पुढची तीन-चार वर्षं ठरली, पैसे गेले, खोलीसुद्धा बघून झाली, आणि तिला सांगायचं बाकी! बँकेत असताना कर्जदाराच्या सहीवाचून तुम्ही एक कागद तरी पुढे सरकवला असता का?

पत्रात तिचा मामेभाऊ आहे, तो फौजदार झालाय. समोरच्यांची सून आहे, ती तलाठी आहे. 'उद्या स्थळं आली तर मुलगी काय करते म्हणून सांगू' हा प्रश्न तर दोन वेळा आहे. मुलीच्या तोंडचं वाक्य एकच, आणि त्याच्यापुढेही तुम्ही 'म्हणे' लावलंय. तुमच्या जागी आई-वडील नेहमीच असतात, मला नवल नाही. पण दडपण म्हणजे आरडाओरडा असा तुमचा समज दिसतो. 'मी तिला कधी आवाज चढवून बोललो नाही', असं तुम्ही अभिमानानं लिहिता. परस्पर फी भरणं हे आवाज चढवण्यापेक्षा जड असतं. ओरडलात तर ती उलट बोलू शकते, भरलेल्या पावतीशी ती काय भांडणार?

राज्यसेवा तिला द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण स्वतःच्या इच्छेनं. आणि बीएडला तुम्ही 'हक्काची नोकरी' म्हणता, तर बीएड करून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली मुलं तुमच्या गल्लीतच निघतील, त्यांना एकदा विचारा.

आता त्या प्रदर्शनाबद्दल. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, पण सगळ्या पत्रात मला कामाचं तेवढंच वाटलं. थर्माकोलची सांगली, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशेजारी फुटांची पट्टी, हँडल फिरवलं की ट्रेमधलं पाणी चढतं. येणाऱ्यानं आपल्या घराच्या जागी टाचणी लावायची आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं ते सांगायचं. तुमच्या शब्दांत, 'बायाबापड्या तिथेच पुराच्या गप्पा मारत बसल्या, परीक्षकांना टेबलापर्यंत जाता येईना, मग तिसरा नंबर मिळाला'. एक आजी टाचणी उपटून म्हणाली, आमच्याकडं पाणी नदीकडनं आलंच नाही, गटारीतनं वर आलं. आणि मुलगी 'मॉडेल समजावून सांगायचं सोडून' ते वहीत उतरवून घेत बसली.

ती बरोबर करत होती. आयर्विनवर धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे आकडे कुठेही मिळतात. नदी काठ सोडायच्या आधीच नाल्यातून, गटारीतून पाणी उलटं कुठल्या गल्लीत शिरतं आणि किती वाजता शिरतं, हे पुलावरच्या पट्टीवरून कळत नाही. सूर्यवंशी प्लॉटासारख्या पुराच्या वस्तीतली बाई ते सांगू शकते, मात्र तिला सांगावंसं वाटेल अशी जागा कुणीतरी मांडावी लागते. तुमच्या मुलीनं ती थर्माकोलमध्ये मांडली. बक्षीस कितवं मिळालं, ते विसरून जा.

तुमचा एक समज मात्र मुळातच चुकीचा आहे. 'ज्यांना खरं संशोधन जमत नाही ते असले जत्रेतले खेळ करतात', असं तुम्ही म्हणता. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम १९६९ मध्ये सुरू केलं फ्रँक ओपनहायमर यांनी. अणुबाँबवाल्या रॉबर्ट ओपनहायमरचे हे धाकटे भाऊ, आणि स्वतः पक्के भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय कारणांनी विद्यापीठ सुटलं, काही वर्षं गुरं पाळली, शाळेत शिकवलं, आणि मग हात लावून बघायचं हे म्युझियम उभं केलं. दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठानं २००८ मध्ये फोल्डइट नावाचा कॉम्प्युटर गेम काढला. खेळणाऱ्यानं प्रथिनाची घडी जास्तीत जास्त चांगली बसवायची, तसे गुण मिळतात. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूतल्या विकराची रचना शास्त्रज्ञांना दहाएक वर्षं सुटत नव्हती. या खेळणाऱ्यांनी तीन आठवड्यांत तिचा इतका अचूक नमुना दिला, की त्यावरून ती सुटली. २०११ च्या त्या शोधनिबंधात खेळाडूंचे गट लेखक म्हणून आहेत. त्यातल्या बहुतेकांचा जीवरसायनशास्त्राशी संबंध नव्हता. पण तो खेळ रचणाऱ्यांना प्रथिनं कोळून प्यायलेली असावी लागतात, नाहीतर गुण कशाला द्यायचे हेच ठरवता येणार नाही. सोपं करून मांडायला विषय जास्त यावा लागतो, कमी नाही.

म्हणूनच आता तिला थोडं बोलते, कारण तिचाही एक बेत मला पटलेला नाही. विज्ञानसंवादाचा एखादा ऑनलाइन डिप्लोमा करून कामाला लागायचं, असं ती म्हणत असल्याचं तुम्ही लिहिलंय. तिनं आत्ता ते करू नये. आधी एमएस्सी. जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत मिळालं तर उत्तम, नाहीतर राज्यातल्या विद्यापीठात. पूर, भूजल, भूकंप, काहीही निवडावं, पण एक विषय असा हवा की त्यातल्या संशोधकासमोर बसून तिला 'हे मॉडेल चुकीचं आहे' म्हणता आलं पाहिजे. मांडणीचं शिक्षण नंतर घेता येतं. सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइन आहे, अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे.

आणि एक. पुढच्या वर्षी टचस्क्रीन लावायचा विचार आहे म्हणे. कुठल्याही विज्ञान केंद्रात तासभर उभं राहावं. बटण दाबलं, दिवा लागला, की पोरं पुढच्या बटणाकडे पळतात. परदेशात वाळूची एक पेटी गाजली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये तयार झालेली. वाळूचे डोंगर-दऱ्या करायच्या, वरून प्रोजेक्टर त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा पाडतो, आणि हात धरला की हाताखाली पाऊस पडतो. सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉलेजला करता येईल. पण त्या पेटीला आजी काही सांगू शकत नाही, टाचण्यांच्या मॉडेलला सांगू शकते. तो गुण तिनं घालवू नये. आपल्याकडे कोयनेतून सोडलेलं पाणी आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा यावर दर पावसाळ्यात कट्ट्याकट्ट्यावर वाद होतो. दोन्ही हँडलं लोकांच्या हातात देऊन, खरे विसर्गाचे आकडे घालून तिनं तो वाद टेबलावर आणला, तर त्या टेबलाशी मीही येईन.

लांब जायचीही गरज नाही. तुमच्यापासून दीड-दोन तासांवर कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर त्या भागात धक्के का बसत राहतात, हे खोल विंधनविवरं घेऊन तिथले लोक तपासतात. गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं. पाटण तालुक्यातल्या किती घरांत हे काम काय आहे ते माहीत असेल? तिनं तिथल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहावं. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शास्त्रज्ञांनी वर्षातले किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, तेव्हा तिनं विचारणं आगाऊपणाचं ठरणार नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. कायमच्या जागा थोड्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांत, म्हणजे मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र किंवा नागपूरचं रामन विज्ञान केंद्र, क्युरेटर, शिक्षण आणि प्रदर्शन सहायक अशी पदं असतात, पण जाहिरात कधी निघेल त्याचा भरवसा नाही. बाकी काम बरंचसं प्रकल्पावर, कंत्राटी. नेट किंवा गेट परीक्षा पास असेल तर प्रकल्पात जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक म्हणून महिना ३७,००० आणि घरभाडं मिळतं. नसेल तर कमी, आणि प्रकल्प संपला की पगारही संपतो. ज्याला दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पैसे जमा झालेले बघायचे आहेत, त्यानं इकडे येऊ नये. हे तिलाही वाचून दाखवा.

तुम्हाला यंदाच्या २८ फेब्रुवारीला जमलं तर मुलीला घेऊन नारायणगावजवळ खोडदला जा. विज्ञान दिनाला तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. पोरापोरींचे घोळके तिथे असतातच, तुम्ही मात्र त्यांना समजावून सांगणाऱ्यांकडे बघा. शिक्षण काय, पगार किती, करार किती महिन्यांचा, ते बेधडक विचारा.

क्लासची फी परत मिळते का, ते उद्याच बघा. नाही मिळाली तर जाऊ द्या, ते पैसे वसूल व्हावेत म्हणून तिला पाठवू नका. आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी या क्षेत्रातल्या कुणी तिला शिकवणार नाही. प्रकल्पाची करारपत्रं गोलमाल असतात. मानधन कधी सुटणार, मुदतवाढीचं काय, केलेल्या मॉडेलवर नाव कुणाचं, हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. आयुष्यभर तुम्ही कर्जाचे कागद वाचलेत. असला एखादा करार मिळवा आणि पेन घेऊन तिच्या शेजारी बसा.

पुढचं पत्र तिच्या हातचं पाठवा. त्या आजींचं वहीत काय लिहून घेतलंय, तेवढंही चालेल.