सात म्हटलं की हात

प्रश्न : माझे यजमान ६६ वर्षांचे आहेत. इचलकरंजीत तीसेक वर्षं त्यांनी यंत्रमाग चालवला. हल्ली टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी येऊन सांगतात. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर नाही. जोरात बोलले तर ‘ओरडतेस कशाला, मी काय बहिरा आहे?’ कट्ट्यावर मित्रांशी मात्र तासन्‌तास गप्पा. नातीचं बोलणं कळत नाही, तर ‘हिला नीट बोलायला शिकवा’ म्हणतात. मुलानं ऑनलाइन कानाचं यंत्र मागवलं, ते शिट्टी वाजवतं म्हणून कपाटात पडलंय. नणंद म्हणते, कानात लसणाचं कोमट तेल घाला. मला तर कधीकधी वाटतं, हे सोंग करतात. काय करावं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वहिनी, सोंग नाही. आणि तेल तर अजिबात नको. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जाईल, आणि मग माझ्याआधी, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टआधी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पळावं लागेल.

धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. आठ तासांच्या पाळीला ९० ही आपल्याकडची कमाल मर्यादा, आणि मागावरची पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी असतात. रोजच्या माऱ्यानं त्या पावसानं झोडपलेल्या ज्वारीसारख्या आडव्या होतात. ज्वारी पुढच्या हंगामाला पुन्हा उगवते, या पेशी उगवत नाहीत. पहिला घाव बसतो तो उंच पट्टीच्या आवाजांवर. मागवाल्यांच्या ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. तो इतक्यांदा पाहिलाय, की कागद हातात आला की आधी ‘कुठल्या शेडला होता?’ हेच तोंडात येतं.

आता तुमच्या घरातली गंमत बघा. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते त्यांना ऐकू येतात. स, श, फ अशी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती गळतात. तुम्ही ‘सात’ म्हणता, त्यांना ‘हात’ ऐकू येतं, नाहीतर ‘भात’. म्हणजे आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. म्हणून ‘मी बहिरा नाही’ हे ते अगदी प्रामाणिकपणे म्हणतात. नातीचा आवाज बारीक, मित्रांचे भरदार. शिवाय मागावर सगळे ओठ बघून, खुणेनं बोलतात. ती सवय यजमानांना अजून असणार. कट्ट्यावर तोंडं समोर असतात. तुम्ही गॅसकडे तोंड करून, कुकरच्या शिट्टीत विचारता! करोनात मास्क आले तेव्हा असे कितीतरी लोक माझ्याकडे पहिल्यांदा आले. ओठ झाकले गेले आणि बिंग फुटलं.

आणि चिडणं? हलका आवाज ऐकू येत नाही, पण थोडा चढवला की तोच टोचतो. अशा कानांचं हेही एक लक्षण. (माझ्या स्वतःच्या वडिलांना मी दोन वर्षं ‘बाबा, तुमचं लक्ष नसतं’ म्हणत होते. रोज दुसऱ्यांचे कान तपासून घरी यायचे आणि हे म्हणायचे. तेव्हा तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका.)

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयातही तो विभाग आहे. कधीकधी नुसता मळ निघतो आणि अर्धं भांडण मिटतं. नंतर ऑडिओलॉजिस्टकडे तपासणी. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीकसं ‘पीप’ ऐकू आलं की बटण दाबायचं. कानामागच्या हाडावर एक छोटी डबी टेकवून पुन्हा तेच. त्यावरून दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, ते कळतं. मग शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. या भागाचा आग्रह धरा, तुमची खरी तक्रार तिथेच सापडते. दुखत काहीच नाही. आलेखावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. त्याची प्रत मागून घ्या. तपासणाऱ्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे ना, तेही विचारा. विचारायला लाजू नका.

यजमानांना न्यायचं कसं, हा खरा प्रश्न. ‘बहिरे झालात’ म्हणून कोणी येत नाही. ‘चष्म्याचा नंबर काढला तसा कानाचाही काढून येऊ’ म्हणा, आणि तुमचीही तपासणी करून घ्या. मागाचा आवाज घराच्या भिंतीपलीकडे असेल तर ती तुम्हालाही हवीच.

यंत्र लागलं तर पहिले पंधरा दिवस कटकट ऐकायची तयारी ठेवा. पेपरची घडी कर्रकर्र वाजते, स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. सुरुवातीला घरातच, दोन-दोन तास. एकदा लावून विसरायची ही वस्तू नाही. दोन-तीनदा जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, म्हणून ते लांबून घेऊ नका. बटणसेल असेल तर वरचा चिकट कागद काढून मिनिटभर हवेत ठेवा आणि मगच बसवा.

किमती काही हजारांपासून लाखापुढे जातात; महाग म्हणजे चांगलं असं नाही. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त नुकसान निघालं तर २०१६ च्या कायद्यानं दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून यंत्रही. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथे याची चौकशी होते.

एक मात्र लक्षात ठेवा. उद्या एखादा कान अचानक, एक-दोन दिवसांत बंद पडला, तर ‘सर्दी असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उपचाराला उशीर झाला की गेलेलं परत येणं अवघड.

कपाटातलं यंत्र फेकू नका, तपासणीला सोबत न्या. टोपण कानात सैल बसलं की आवाज बाहेर निसटून परत माइकमध्ये शिरतो, शिट्टी बहुधा त्याचीच. ते नुसतं सगळे आवाज सरसकट मोठे करणारं खेळणं आहे की खरं श्रवणयंत्र, ते पाच मिनिटांत कळेल. आणि तोवर नातीला सांगा, आजोबांच्या समोर येऊन, हळू बोल. ओरडू नकोस.