मुलगी तिसरीत आहे आणि जर्मनीला येऊन राहिलीस, तर आधी शाळेचं ऐक

उशिरा उत्तर देऊन राहिली, सॉरी. तू लिहिलंस की नवऱ्याला एरलांगेनची ऑफर आली, मुलगी तिसरीत आहे तर तिच्या शाळेचं कसं, लोक मिसळतात का, आणि शेवटी हळूच विचारलंस, "ताई, तिथे तरी जातपात नसेल ना?" मी २०१५ पासून न्यूर्नबर्गला आहे, एरलांगेन इथून ट्रेनने वीसेक मिनिटं, म्हणून बायर्नचंच, म्हणजे बव्हेरिया राज्याचंच, सांगते. शाळेचे नियम इथे राज्याराज्यात वेगळे असतात.

तर शाळा. इथे चौथीनंतर पोरं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. दहावीनंतर नाही बाई, चौथीनंतर, दहा वर्षांचं लेकरू असते तेव्हा. मे महिन्याच्या सुरुवातीला एक सर्टिफिकेट हातात देतात, त्यात जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, ह्या तिघांची सरासरी. २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझिउम, म्हणजे युनिव्हर्सिटीचा सरळ रस्ता. २.६६ पर्यंत रेआलशुले, म्हणजे मधली शाळा, त्याच्याही पुढे गेली तर मिटेलशुले, तिघींत खालची. आणि मार्क उलटे, १ सगळ्यात भारी, ६ सगळ्यात खाली. माझ्या लेकीला गणितात १, परिसरवाल्या विषयात ३ आणि जर्मनमध्ये ४ आले. मी बाबांना नागपूरला इंदोऱ्यात फोन केला तर म्हणतात, "गणितात एकच? आणि जर्मनमध्ये चार? मग जर्मनच बरं आहे की तिचं!" त्या दिवशी मी हसली पण आणि रडली पण, कारण सरासरी झाली २.६६ आणि पोरगी रेआलशुलेत गेली. दोन वर्षांत कोणतं लेकरू नवीन भाषेत निबंध लिहील सांग? पण कागदावर ४ म्हणजे ४.

आता मला सांग, आपल्याकडे काय वेगळं असते? फक्त कागद दाखवत नाहीत एवढंच. नागपुरात कोणाचं पोरगं फीवाल्या सीबीएसईत जाईल आणि कोणाचं मनपाच्या मराठी शाळेत, हे चौथीची वाट पण पाहत नाही, ते घर कुठे आहे आणि बाप काय करते त्याच्यावर ठरून जाते, आणि आरटीईच्या २५ टक्क्यांत नंबर लागला तर मोहल्ल्यात पेढे वाटतात. इथे फी नाही, सरकारी शाळेतच डॉक्टरचं पोरगं आणि ट्रकवाल्याचं पोरगं चार वर्षं एका बाकावर बसतात, मग पाचवीत वेगळे होतात. ज्याच्या घरी जर्मन पुस्तकं, ज्याची आई बसून अभ्यास घेते, तो वर. पंधरा वर्षांच्या पोरांची देशोदेशी एकच परीक्षा होते, पिसा, तिचा २००० चा निकाल आला तेव्हा जर्मन लोकांनाच शॉक बसला होता, कारण घरची परिस्थिती आणि पोराचे मार्क ह्यांचं नातं इतकं घट्ट असणाऱ्या देशांत जर्मनी एकदम वर होती. अजून भांडण चालूच आहे त्याच्यावर.

पण घाबरू नको, रस्ता बंद होत नाही. दहावीनंतर फाखओबरशुले म्हणून असते, तिथून कॉलेजला जाता येते, माझी लेक सध्या तिथेच आहे. आणि आउसबिल्डुंग नावाची गोष्ट नीट समजून घे. तीन-साडेतीन वर्षं, आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम, काही दिवस शाळा, आणि शिकता शिकता पगार. प्लंबर, नर्स, बँकवाला, सगळे ह्यातून येतात. पुढे माइस्टर, म्हणजे त्या कामातला उस्ताद, झाला तर कागदोपत्री त्याचा दर्जा बॅचलरच्या बरोबरीचा. आमच्याकडे हीटिंग दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाशी बिल्डिंगवाले ज्या इज्जतीने बोलतात ते पाहून मला आपल्याकडचं "आयटीआयला गेला म्हणजे वाया गेला" आठवते आणि लाज वाटते, कारण मी स्वतः माझ्या चुलतभावाला हेच म्हटलं होतं.

तुझी मुलगी बहुतेक डॉइचक्लासमध्ये जाईल, ज्यांना भाषा येत नाही त्यांचा वर्ग. कोणी म्हटलं एक वर्ष मागे टाका तर नाक मुरडू नको, हो म्हण, भाषेला तेवढाच वेळ मिळते. आणि जर्मन आजपासून सुरू कर, तिचं पण आणि तुझं पण. ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचा परवाना घेऊन येणाऱ्याच्या, बायकोला व्हिसासाठी ए१, जर्मनची पहिली परीक्षा, लागत नाही म्हणून पुष्कळ जणी निवांत येतात, मग पालकसभेत भिंतीकडे पाहत बसतात. मी बसली आहे. दिवाळीला पंधरा दिवस सुट्टी मारून नागपूर, हे विसर. शाळा सक्तीची आहे, दंड होते. बायर्नच्या पोलिसांनी एअरपोर्टवर शाळकरी पोरांचे आईबाप पकडलेले आहेत.

लोकांचं. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या आजीने लेटरबॉक्समध्ये चिठ्ठी टाकली की तुमची मुलगी दुपारी जिन्यात उड्या मारते. मी आठ दिवस धुसफुसत होती. मग तिसरीत असताना लेकीला वाचता येईना तर ह्याच आजी म्हणाल्या, मंगळवारी ४ ते ५ पाठवा. दोन वर्षं शिकवलं, एक पैसा घेतला नाही. पण एकदा ४.१० ला पोहोचली तर दारातच सुनावलं. इथे "झी" आणि "डू" म्हणजे आपलं तुम्ही आणि तू, आणि डू म्हणायचं की नाही हे मोठ्या माणसाने ठरवायचं. आजींनी मला सहा वर्षांनी डू म्हटलं, केक करून, बोलावून, जवळपास साखरपुड्यासारखं. धरमपेठेतल्या तुझ्या शेजारणीसारखी कोणी न विचारता साखर मागायला येणार नाही, पण तू कोणाची कोण हे न विचारता मुलीला वाचायला शिकवेल. मला हे जमलं, माझ्या नवऱ्याला अजून नाही. मिसळायचं असेल तर फेराइन पकड, म्हणजे क्लब, गाण्याचा, फुटबॉलचा, बागकामाचा, काहीही. देशभरात असे सहा लाखांवर आहेत. ऑफिसातले लोक संध्याकाळी ओळखत पण नाहीत असं वाटेल, क्लबातले ओळखतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न. जर्मन माणूस आडनावावरून काही काढत नाही, त्याला कळतच नाही. भारतीय म्हणून जे काढायचं ते काढते, घर भाड्याने शोधताना दिसेलच तुला. पण आपली माणसं? पहिल्याच दिवाळीला एका मराठी घरी गेली. आडनाव विचारलं. आमच्या आडनावावरून नक्की कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न, "नागपुरात कुठे?" इंदोरा म्हटलं, म्हणजे आपली बौद्ध वस्ती. "अच्छा, अच्छा." मग कोणी काही वाईट बोललं नाही हं, फक्त संक्रांतीचं हळदीकुंकू झालं ते मला फोटोंवरून कळलं. अमेरिकेत सिएटलला २०२३ मध्ये भेदभावाच्या कायद्यात जात हा शब्द घालावा लागला, तो काय गोऱ्या लोकांमुळे? १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाणारी आजी होती माझी, तिने १९५६ चा तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला, तिची नात विमानात बसून इतक्या दूर आली आणि प्रश्न तोच, कुठे राहता. तू कोणत्या बाजूची ते मी विचारत नाही. फक्त तुला कोणी बोलावलं तर आजूबाजूला पाहून घे, कोणाला बोलावलं नाही ते.

सगळे तसे नाहीत. इथेच राहणाऱ्या एका कोल्हापूरकर कुटुंबाकडे आम्ही दर १४ एप्रिलला जमतो, तू आलीस तर ये, तर्री-पोहे मी करते. चण्याच्या तर्रीला मसाला मात्र तिकडूनच आण, इथला नुसता रंग देते.

आणि हो, गोवराच्या दोन डोसचा पुरावा इंग्रजीत लिहून घे डॉक्टरकडून, सही-शिक्क्यासकट. २०२० पासून तो शाळेत दाखवावाच लागते, नाही दाखवला तर शाळा आरोग्य खात्याला कळवते. पोहोचल्या दिवशी बेलवर आणि लेटरबॉक्सवर आडनाव चिकटव, नाहीतर पोस्टमन बँकेचं कार्ड परत घेऊन जाईल, आमचं दोनदा गेलं.