आर्ट्स कॉलेजात बायोकेमिस्ट्री?

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझं सांगलीत मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. मुलगी बारावीला आहे, नीटचा क्लास चालूय पण म्हणते मला डॉक्टर व्हायचंच नाय. तिला अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट नावाच्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात बायोकेमिस्ट्री अँड बायोफिजिक्स करायचंय. आर्ट्स कॉलेजात सायन्स कसलं शिकवणार? आणि डिग्री म्हणे बीएचीच मिळते! घरात सगळे वैतागलेत. काय करावं?
– एक पालक

उत्तर : दादा, सगळा घोळ त्या 'आर्ट्स' शब्दानं घातलाय. लिबरल आर्ट्समध्ये गणित, फिजिक्स, केमिस्ट्री सगळं येतं. अ‍ॅमहर्स्ट 1821 सालचं कॉलेज आहे आणि तिथं सायन्सवाल्यालापण बीएचीच डिग्री देतात, तेव्हा त्यावरून नातेवाइकांशी भांडत बसू नका. फक्त पुढं भारतात येऊन एमएस्सी करायची झाली तर समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे ही डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, लागेल, तेवढं लक्षात ठेवा.

विषय काय आहे ते तुमच्याच दुकानातल्या मालावर सांगते. हळदीतलं कुर्क्युमिन (तिला पिवळा रंग देणारा घटक) पोटात गेल्यावर लिव्हर त्याला साखरेसारखा एक रेणू चिकटवून पटकन बाहेर काढायच्या मागं लागतं, ते काम कुठलं एन्झाईम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) करतं हे बघणं म्हणजे बायोकेमिस्ट्री. आणि हेच कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग पेशीच्या तेलकट पडद्यात ते कसं घुसतं, किती जोरानं धरून बसतं, हे मोजायचं तर बायोफिजिक्स. (हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तीपण केमिस्ट्रीच, पण त्याला अमेरिकेला जायला नको.)

छोट्या कॉलेजाचा खरा फायदा लॅबमध्ये दिसतो. तिथं सायन्सला पीएचडीची पोरं नसतात, त्यामुळं प्रोफेसरच्या रिसर्चला हाताशी बीएचीच पोरं असतात आणि लाखाची मशीन पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरीच्यासुद्धा हातात येते. मोठ्या युनिव्हर्सिटीत हे होत नाही असं नाही, पण नंबर लावावा लागतो.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नीटवाली म्हणजे बहुतेक तिनं अकरावीलाच गणित सोडलं असणार, आपल्याकडं सर्रास सोडतात. बायोफिजिक्समध्ये कॅल्क्युलसशिवाय पान हलत नाही. तिकडं कॅल्क्युलस पहिल्या वर्षी सुरू करता येतं, पण तिला गणित नकोच म्हणून ती डॉक्टरकीपासून इकडं वळली असेल तर फसेल. इथं राहून आयआयटीची जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) द्यायची म्हटलं तरी बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीच्या गणित-फिजिक्सचे प्रश्न असतातच.

पैशाचं म्हणाल तर वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या बराच वर, म्हणजे सत्तर लाखांच्या पुढं. पण अ‍ॅमहर्स्ट परदेशी पोरांचंही अ‍ॅडमिशन पालकांची ऐपत न बघता करतं, आणि निवड झाली की पालकांनी ऐपतीप्रमाणं भरून जेवढं कमी पडतं तेवढी मदत देतं. असं करणारी कॉलेजं मोजकीच, बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की अ‍ॅडमिशनचा चान्स कमी होतो. निवड अवघड आहे, लाखात एक वगैरे म्हणत नाही पण अवघड आहे, म्हणून सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचा नाहीतर साताऱ्याच्या वायसी (यशवंतराव चव्हाण) कॉलेजचा बीएस्सीचा फॉर्मपण भरून ठेवा. मदत मिळाली नाही तर कर्ज काढून पाठवू नका, हे माझं स्पष्ट मत. एमएस्सी इथं चांगल्या ठिकाणी करून पीएचडीला तिकडं जाता येतं, तेव्हा स्टायपेंड मिळतो आणि दुकान गहाण पडत नाही.