मुंबई–लंडन: तिकिटावरचे तास कसे मोजायचे

पहिल्यांदाच निघालायत ना? मग तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका. दुपारी 2 ला सुटून संध्याकाळी 6:30 ला पोहोचणार, म्हणजे साडेचार तास नव्हे! पोहोचण्याची वेळ लंडनची असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे हिवाळ्यात हा प्रवास दहा तासांचा.

अंतर सरळ रेषेत सुमारे 7,200 किलोमीटर. येताना मात्र तासभर कमी लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटतात. मला हे फार सुंदर वाटतं.

या दहा तासांत धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते. मुलांना न्यायला बोलवाल, तर इमिग्रेशन आणि सामानासाठी वर दीड तास धराच.