पेशंटपासून आत जा

प्रिय मुली,

तू शिकवतेस त्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली बारावी आर्ट्सच्या, म्हणून जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षी आधी अकरावी-बारावीचं बायोलॉजी उरकून घेऊ का, असं तू विचारलंस. नको. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीला, म्हणजे शरीराची रचना आणि कार्य या विषयाला, अभ्यासक्रमात ९० तास आहेत. त्यातले २० तास पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आकृत्यांत गेले, तर विज्ञानाची आधीच धास्ती असलेल्या मुली पाठांतराला लागतात आणि ती सवय शेवटच्या वर्षापर्यंत सुटत नाही. पेशंटपासून आत जा. या मुली नाडी मोजतात, बीपी घेतात, पेशंटच्या पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याचा इनटेक-आउटपुट चार्ट भरतात. धडा तिथूनच सुरू झाला पाहिजे.

सलाईनची ५०० मिलीची बाटली टेबलावर ठेव. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असतं. लिटरला ९ ग्रॅम, म्हणून ०.९ टक्के. मग विचार : नुसतं डिस्टिल्ड वॉटर शिरेतून का देत नाहीत? उत्तर आलं नाही तर घाई करू नकोस. बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन पातळ चकत्या घे. एक साध्या पाण्यात टाक, दुसरी दोन चमचे मीठ घातलेल्या ग्लासभर पाण्यात. तासाभराने पहिली कडक होते, दुसरी लिबलिबीत. पाणी मिठाकडे ओढलं जातं हे मुलींना बोटांनी कळू दे. साध्या पाण्यात तांबडी पेशी फुगून फुटते हे मग सांग, आणि ऑस्मॉसिस हे नाव सगळ्यात शेवटी. त्याच तासाला ओआरएस घे. लिटरभर पाण्याचं पाकीट कुणी एका ग्लासात कालवलं, तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं. त्यात ग्लुकोज का घालतात, हेही विचार. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. पेशीपटलाची आकृती आता काढ. आता तिला अर्थ आहे.

हृदयाचंही तसंच. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे ५ लिटर. सलाईनच्या १० बाटल्या दर मिनिटाला. रक्तस्राव झाला की ठोक्यामागे कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून शरीर ठोके वाढवतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे बीपी कोसळण्याआधी नाडी धावते. मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेल्याने लघवी घटते. ६० किलोच्या माणसाची लघवी ताशी ३० मिलीखाली गेली की सिस्टरने लगेच का कळवायचं, हे जिला उमगलं तिला नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली बारीक गाळणी, जड जात नाही.

पल्स ऑक्सिमीटरही असाच वापर. हिमोग्लोबिन डेसिलिटरला जेमतेम ६ ग्रॅम असलेल्या बाईचा आकडा ९८ टक्के दिसतो, तरी ती दोन जिने चढून धापा टाकते. आहे तेवढं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती भरलंय हे यंत्र सांगतं, मुळात किती आहे हे सांगत नाही.

या मुली अडतात त्या जागा बायोलॉजीच्या नसतातच. एक, आकृतीतलं हृदय समोरच्या माणसाचं असतं, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. हे कुणी सांगितलेलं नसतं आणि सगळ्या झडपांची नावं उलटी पडतात. दोन, एककं. डेसिलिटर म्हणजे १०० मिली, हे सिरिंज आणि मेजरिंग जार हातात देऊन पहिल्याच आठवड्यात घोटून घे. "यांचा पायाच कच्चा आहे" असं मला पुन्हा लिहू नकोस. पायाला हात न लावता आपण वरचे मजले चढवतो आणि वर त्यांनाच ढ ठरवतो, याची खंत मला आजही आहे.

सीनियर म्हणतील, पुस्तक पेशीपासून सुरू होतं. होऊ दे. सगळे धडे पूर्ण झाले की झालं, क्रम तुझ्या हातात आहे. या हट्टापायी मी बरंच ऐकून घेतलंय आणि तो सोडलेला नाही, कारण नर्सला शरीर कळतं ते पेशंटच्या बाजूनेच. पेशंटपासून आत जा.

मायक्रोबायोलॉजीचे, म्हणजे जंतुशास्त्राचे, ३० तास ऑटोक्लेव्हपासून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रापासून, सुरू कर : १२१ अंश, १५ पौंड दाब, आणि पाणी नुसतं उकळून स्पोअर, म्हणजे काही जंतूंची कवचातली चिवट रूपं, का मरत नाहीत.

पहिल्या चाचणीत "हृदयाची रचना लिहा" हा प्रश्न नको. तीन तासांचा चार्ट दे : नाडी ८८, १०४, ११८, बीपी १२०/८०, ११८/८२, ११०/८४, लघवी ५०, ३५, २० मिली. आत काय चाललंय आणि का, एवढंच विचार. कारणांची साखळी बरोबर असेल तर मराठीत लिहिलेल्या उत्तरालाही पूर्ण मार्क दे, आणि ते पेपर मला वाचायला पाठव.